एक कळप, सहा आकडे: भागीदारीच्या दाव्यात मेंढ्यांची मोजणी कशी पारखावी

पुढचे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. पक्षकार आणि आकडे काल्पनिक आहेत. मात्र पुरावा ज्या वळणांनी येतो, जिथे फसतो आणि ज्या रीतीने तपासला जातो, ते सारे प्रत्यक्ष कामातले आहे.

वाद काय होता

दोन भागीदारांचा मेंढपाळीचा धंदा ३१ मार्चला मोडला. एकाने भांडवल घातले होते, तो वादी. दुसरा कळप सांभाळत होता, तो प्रतिवादी. कळप प्रतिवादीकडेच राहिला आणि वादीला त्याच्या वाट्याची किंमत मिळायची ठरली. दराबाबत दोघांचे एकमत होते. भांडण एवढ्यावरच होते की त्या दिवशी मेंढ्या किती होत्या.

न्यायालयापुढे सहा आकडे आले:

– कळपाची नोंदवही, ३१ मार्चची शिल्लक: २,४६०
– प्रतिवादीची स्वतःची मोजणी, २ एप्रिल: १,७४०
– लसीच्या खरेदीची बिले, फेब्रुवारी: २,५०० मात्रा
– लोकर कातरणीचा हिशेब, २० फेब्रुवारी: १,६९०
– वादीने करवलेली ड्रोन पाहणी, ९ मे: १,९०५
– न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांची मोजणी, २४ जुलै: २,१२३

तडजोडीच्या बैठकीत सगळ्यांची सरासरी काढून विषय मिटवावा अशी सूचना आली. सरासरी २,०७० येते. ऐकायला हे न्याय्य वाटते, पण यात मोठी चूक आहे. सरासरीने चूक कमी होते ती एकच गोष्ट अनेकदा मोजली आणि चुका दोन्ही बाजूंना विखुरल्या तर. इथे सहा आकड्यांनी सहा वेगळ्या गोष्टी, वेगवेगळ्या तारखांना मोजल्या आहेत आणि प्रत्येकाची चूक ठरावीक दिशेला जाते. म्हणून आकडे मिसळण्याऐवजी प्रत्येकाला चार प्रश्न विचारायचे: नेमके काय मोजले, कोणत्या दिवशी मोजले, ही पद्धत चुकली तर आकडा वाढतो की घटतो, आणि मोजणाऱ्याला कोणती चूक फायद्याची होती. शेवटचे दोन प्रश्न एकत्र ठेवले की बहुतेक उलगडा होतो. जो आकडा मोजणाऱ्याच्या हिताच्या दिशेलाच चुकू शकतो, तो एकटा टिकत नाही. जो त्याच्या हिताविरुद्ध जातो, त्याचे वजन वाढते.

आधी मोजण्याची चीज ठरवा

भागीदारीच्या करारात फक्त ‘मेंढ्या’ असे लिहिले होते. कोकरे धरायची की नाही, यावर एक ओळही नव्हती. प्रतिवादीच्या १,७४० मध्ये आईमागे पळणारी कोकरे नव्हती, नोंदवहीच्या २,४६० मध्ये होती. ७२० च्या तफावतीतला मोठा हिस्सा इथेच आहे आणि त्यात कोणाची लबाडी असायलाच हवी असे नाही. अहवालाचे पहिले काम म्हणूनच कळपाचे गट पाडणे: दोन दाती (दोन कायमचे पुढचे दात आलेल्या) आणि त्यापुढच्या मेंढ्या व मेंढे, आदत म्हणजे कायमचा एकही पुढचा दात न आलेली पण दूध सुटलेली, आणि दुधावरची लहान कोकरे. कोणता गट हिशेबात धरायचा हे न्यायालय ठरवेल. तज्ज्ञाने प्रत्येक गटाचा आकडा वेगळा द्यायचा, म्हणजे निर्णय कसाही लागला तरी पुन्हा मोजावे लागत नाही.

नोंदवही: प्रत्येक रकान्याची किंमत वेगळी

नोंदवहीचा हिशेब असा: आरंभीची शिल्लक १,९८०, जन्म १,३२०, खरेदी ६०, विक्री ७३०, मरतूक १७०. बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे, २,४६० येतात. वादीच्या बाजूने यावर फार भर दिला गेला. पण बेरीज जुळणे म्हणजे लिहिणाऱ्याला गणित येते, एवढेच सिद्ध होते. कागदावरचे जनावर मरत नाही, हरवत नाही आणि चोरीला जात नाही. कोणीतरी ओळ लिहीपर्यंत ते जिवंतच असते.

कागद प्रत्यक्षापासून किती दूर जाऊ शकतो याचे मोठे उदाहरण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात घडले. तिथल्या एका पशुपालकाने टायसन फ्रेश मीट्स आणि आणखी एका कंपनीला, अस्तित्वातच नसलेल्या दोन लाखांहून अधिक गुरांच्या खरेदीची आणि चाऱ्याची बिले लावली. मार्च २०२१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. नुकसान २४ कोटी डॉलरहून अधिक होते. तिथे बिले वर्षानुवर्षे पास होत राहिली.

आपल्या प्रकरणात फसवणुकीचा पुरावा नाही. पण वहीचा प्रत्येक रकाना बाहेरच्या कागदाशी ताडून पाहिला तेव्हा असे दिसले:

खरेदीच्या ६० मेंढ्या विकणाऱ्यांच्या पावत्यांशी जुळल्या. हा रकाना पक्का.

विक्रीचे वहीतले ७३० वाहतुकीच्या परवान्यांशी जुळले नाहीत. परवान्यांप्रमाणे ७६१ मेंढ्या बाहेर गेल्या होत्या. म्हणजे ३१ मेंढ्या विकल्या गेल्या, पण वहीत जिवंत राहिल्या.

कानातल्या बिल्ल्यांच्या यादीत ३७ क्रमांक असे होते की जुना बिल्ला पडला म्हणून नवा लावला, पण जुना क्रमांक बंद केला नाही. वही लिहिणारा नवा दिसलेला प्रत्येक क्रमांक जन्माच्या रकान्यात घालत होता. ३७ मेंढ्या दोनदा मोजल्या गेल्या. बिल्ले असलेल्या प्रत्येक कळपात ही चूक शोधावीच. इलेक्ट्रॉनिक बिल्ल्याचा १५ अंकी क्रमांक असला तरी फरक पडत नाही, कारण तो बिल्ल्याची ओळख पटवतो. बिल्ला कोणत्या कानात आहे, किंवा कानात आहे की फडताळात, हे तो सांगत नाही.

जन्माच्या नोंदी एकूण ३४ होत्या. त्यांतल्या २७ नोंदींचा शेवटचा अंक ० किंवा ५ होता. खरी मोजणी असती तर असे अंक साधारण पाचांत एकदा, म्हणजे ३४ पैकी सातएक वेळा यावेत. इतके गोल आकडे म्हणजे कोकरे मोजली नाहीत, अंदाजाने लिहिली. ही तपासणी करायला दहा मिनिटे पुरतात आणि उलटतपासणीत ती कोणालाही समजते.

मरतूक हा सर्वांत कमकुवत रकाना. १७० पैकी कोकरांची मरतूक फक्त ६१, म्हणजे नोंदलेल्या जन्मांच्या ४.६ टक्के. दूध सुटण्याआधी दहा ते वीस टक्के कोकरे दगावणे ही चराऊ कळपात नेहमीची गोष्ट आहे. थंडी, अशक्त जन्म, आईने न स्वीकारणे, हगवण, कोल्हे-लांडगे ही कारणे. पहिल्या दोन-तीन दिवसांत गेलेले कोकरू बहुधा वहीत येतच नाही. जन्म उत्साहाने लिहिला जातो आणि मृत्यू राहून जातो. म्हणूनच पशुधनाच्या वह्या जवळजवळ नेहमी वरच्या दिशेने फुगतात.

राहिली आरंभीची १,९८० ची शिल्लक. ती आदल्या वर्षीच्या वहीतून पुढे ओढलेली होती, तेव्हा कोणी कळप मोजला नव्हता. पायालाच आधार नसल्याने त्यावरच्या चोख बेरजेला वजन देता येत नाही.

वही टाकून द्यावी असा याचा अर्थ नाही. खरेदी आणि विक्री, परवान्यांनी दुरुस्त केल्यावर, पुढे कामाला येतात. फक्त तिच्या शेवटच्या ओळीवर दावा उभा राहत नाही.

प्रतिवादीचे १,७४०

दोन गड्यांनी उघड्या वाड्यात, मेंढ्या फिरत असताना, नजरेने एकदाच मोजल्या. दोघांनी मिळून एक आकडा लिहिला. वादीचे कोणी हजर नव्हते. गर्दीत फिरणारी जनावरे नजरेने मोजताना माणूस बहुधा कमीच मोजतो, कारण मागची पुढचीच्या आड जाते. पद्धतीची चूक आणि प्रतिवादीचे हित इथे एकाच दिशेला आहेत. याशिवाय डिसेंबर-जानेवारीत जन्मलेली, अंगाने भरलेली काही कोकरे ‘मोठी’ म्हणून मोजली गेली असावीत असे पुढच्या हिशेबावरून दिसते. म्हणजे हा आकडा ना धड मोठ्या मेंढ्यांचा, ना सगळ्या कळपाचा.

लसीच्या मात्रा: आकर्षक पण निकामी

शंभर मात्रांच्या २५ बाटल्या, म्हणजे २,५००. नोंदवहीच्या २,४६० शी तो छान जुळतो म्हणून वादीने तो मोठ्या अक्षरात मांडला. पण आंत्रविषाराची लस पहिल्यांदा टोचताना कोकराला काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात, मोठ्या मेंढीला दरवर्षी एकच पुरते. १,६९० मोठ्या मेंढ्यांना एकेक आणि ४०० कोकरांना दोन-दोन धरल्या तर २,४९० मात्रा होतात. जनावरे मात्र २,०९०. त्यात उघडलेली बाटली उरली तर फेकावी लागते आणि खरेदी नेहमी पूर्ण बाटलीचीच होते. बिलावरून फार तर वरची मर्यादा कळते. दोन्ही पक्षांच्या म्हणण्याशी सारखाच जुळणारा पुरावा कोणाच्याच बाजूने झुकत नाही, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे. टोचणाऱ्याची दिवसवार, गटवार नोंद असती तर गोष्ट वेगळी होती.

कातरणीचा हिशेब: सर्वांत भरवशाचा जुना आकडा

२० फेब्रुवारीला १,६९० मेंढ्या कातरल्या गेल्या. दावा अजून कोणाच्या मनातही नव्हता तेव्हाची ही नोंद आहे. कातरणाऱ्यांना मेंढीमागे मजुरी होती, म्हणून त्यांना आकडा वाढवण्यात फायदा. पैसे देणारा प्रतिवादी, त्याला कमी करण्यात फायदा. दोघांनी आपापली मोजणी केली आणि एकाच आकड्यावर सह्या केल्या. विरुद्ध हिताच्या दोन माणसांनी, वादापूर्वी, एकाच आकड्याला होकार देणे यापेक्षा चांगली साक्ष क्वचित मिळते.

मर्यादाही पाहायला हव्यात. सहा महिन्यांखालची कोकरे कातरली जात नाहीत, म्हणून हा आकडा मोठ्या मेंढ्या आणि मागच्या उन्हाळ्यातल्या कोकरांपुरताच. आजारी किंवा अगदी भरत आलेली गाभण मेंढी सोडली असेल तर तो किंचित कमी पडेल. २० फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात या गटातल्या २२ विकल्या गेल्या आणि ९ मेल्या. म्हणजे ३१ मार्चला कातरलेल्यांपैकी १,६५९ उरल्या. हा पहिला खुंटा.

ड्रोन

चित्रे स्वच्छ होती. मेंढ्यांवर ठिपके टाकून १,९०५ मोजल्या होत्या, त्यातल्या १,४८० मोकळ्या कुरणात आणि ४२५ झाडीच्या पट्ट्यात. चित्र दिसते म्हणून न्यायालयात या पुराव्याचा प्रभाव मोठा पडतो, तेव्हा त्याची कसून तपासणी व्हायला हवी. सावलीत बसलेली मेंढी दिसत नाही. आईला चिकटलेले कोकरू आणि आई मिळून एकच ठिपका होतो. फोटो एकमेकांवर चढवून मोठे चित्र तयार करताना, दोन फोटोंच्या मधल्या वेळेत चाललेली मेंढी दोनदा येते किंवा एकदाही येत नाही.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे: माहीत असलेला कळप दाखवा आणि किती सापडतात ते पाहा. त्याच चालकाला, त्याच उंचीवर आणि त्याच वेळेला, कुंपणातल्या मोजलेल्या ३०० मेंढ्यांवर ड्रोन उडवायला सांगितले. खरा आकडा त्याला सांगितला नाही. मोकळ्यात २७१ सापडल्या, झाडीत २१९. म्हणजे सापडण्याचे प्रमाण ९०.३ आणि ७३ टक्के. या प्रमाणांनी भागले तर १,४८० चे १,६३८ आणि ४२५ चे ५८२, एकूण २,२२० च्या आसपास. केवळ या चाचणीतल्या संख्यांच्या मर्यादेमुळेच त्यात साधारण ७३ ची कमी-अधिक जागा धरावी लागते, म्हणजे २,१४८ ते २,२९४. प्रत्यक्षात ती आणखी रुंद असणार, कारण मेंढ्या एकेकट्या नाही तर थव्याने लपतात आणि हे गणित प्रत्येक मेंढी स्वतंत्र धरते.

हे न करता १,९०५ तसाच मांडला असता तर वादीने स्वतःच्याच पुराव्याने स्वतःचे दोन-तीनशे मेंढ्यांचे नुकसान केले असते.

२४ जुलैची मोजणी कशी केली

आयुक्तांच्या मोजणीचा आराखडा दोन्ही पक्षांना आठ दिवस आधी दिला, हरकती लेखी घेतल्या आणि मग बदल केले नाहीत. मोजणीनंतर घेतलेली ‘पद्धतच चुकीची’ ही हरकत त्यामुळे दुबळी होते.

पहिला प्रश्न असा की वाड्यात आलेला कळप म्हणजे सगळा कळप, हे कशावरून? कितीही काटेकोर मोजले तरी डोंगरापलीकडे ठेवलेली जनावरे मोजणीत येत नाहीत. याची सोय दोन दिवस आधी केली. एका वेगळ्या तुकडीने चराऊ रानात ठिकठिकाणच्या गटांमधून एकूण ३०० मेंढ्यांच्या पाठीवर, पावसाने न जाणाऱ्या रंगाची खूण केली. कोणत्या ठिकाणी किती केल्या हे प्रतिवादीला सांगितले नाही. मोजणीच्या दिवशी दाराशी खुणेच्या २९७ आल्या. तीन कमी, म्हणून शोध घेतला. त्यातल्या दोन आजारी मेंढ्यांच्या छपरात निघाल्या. तिथे एकूण १४ मेंढ्या होत्या आणि ते छप्पर आराखड्यात आलेच नव्हते. तिसरी सापडली नाही.

या एका मेंढीवरून मोजणीत राहून गेलेल्या चुकीचा अंदाज बांधता येतो. खुणेच्या ३०० पैकी २९९ हाती आल्या आणि एकूण २,१२३ मोजल्या, तर कळप ३०० × २,१२३ ÷ २९९, म्हणजे साधारण २,१३०. सातएक मेंढ्या निसटल्या असाव्यात. या सूत्राला अट आहे: दोन दिवसांत कळपात आत-बाहेर व्हायला नको आणि खुणेची मेंढी इतरांइतकीच सहज हाती यायला हवी. खुणा एकाच वाटेवरच्या, माणसाळलेल्या गटात केल्या असत्या तर सूत्राने खोटा दिलासा दिला असता.

दाराची मोजणी अशी झाली. लहान कोकरे आधी वेगळी काढली, कारण ती आईच्या पोटाखालून निघतात आणि मोजणाराला दिसत नाहीत. मग साधारण दोनशे-दोनशेच्या तुकड्या, एका वेळी एकच मेंढी जाईल एवढ्या चिंचोळ्या वाटेतून सोडल्या. दोन मोजणारे वाटेच्या दोन बाजूंना, मध्ये आडपडदा, बोलणे बंद. प्रत्येकाने शंभरी झाली की एक खडा पिशवीत टाकायचा. तुकडी संपली की दोघांनी आपापला आकडा चिठ्ठीवर लिहून तिसऱ्याकडे द्यायचा, तो तिथेच उघडायचा. मोजलेल्या तुकडीच्या नाकाडावर खडूची रेघ, आणि तिला वेगळ्या कुंपणात ठेवायचे, म्हणजे तीच जनावरे फिरून पुन्हा येत नाहीत.

पहिल्या फेरीत एकाचे २,१०७ आले, दुसऱ्याचे २,११२. फरक कोणत्या तुकड्यांत पडला ते चिठ्ठ्यांवरून लगेच कळले. तीन तुकड्यांत मेंढ्या उड्या मारत जोडीने गेल्या होत्या. त्या तीन तुकड्या मोजणारे बदलून पुन्हा सोडल्या आणि २,१०९ वर दोघे जुळले. त्यात छपरातल्या १४ मिळवून २,१२३. तुकडीवार चिठ्ठ्या नसत्या तर दोन वेगळे एकूण आकडे हाती राहिले असते आणि त्यातला कोणता खरा यावर नवे भांडण उभे राहिले असते. ५ चा मूळ फरक अहवालात लपवला नाही. फरक दिसला, शोधला आणि मिटवला, ही नोंदच मोजणीची ताकद आहे.

गट असे निघाले: दोन दाती आणि पुढच्या १,४८७, आदत ४४५, लहान कोकरे १९१.

जुलैवरून मार्चकडे

मोजणी ११५ दिवस उशिराची होती. आता उलट चालायचे: मधल्या काळात गेलेली जनावरे परत मिळवायची, आलेली वजा करायची.

विक्री २१४ (मोठ्या ११८, आदत ९६). परवाने आणि घेणाऱ्यांच्या पावत्या दोन्ही होत्या. मरतूक ३८, पण त्यातली ९ लहान कोकरे ३१ मार्चनंतर जन्मलेली, म्हणून परत मिळवायची ती २९ (मोठ्या २४, आदत ५). खरेदी नाही.

वजा करायची ती नंतर जन्मलेली. इथे दाढांचा उपयोग होतो. मेंढीचे दुधाचे पुढचे दात महिन्याभरातच येतात, त्यांचा इथे काही फायदा नाही. पहिली कायमची दाढ तीन ते पाच महिन्यांत येते, दुसरी नवव्या महिन्याच्या आसपास. १९१ पैकी १५० कोकरे दाढ न आलेली आणि दुधावरची होती. ती नंतरची धरली. ४१ कोकरांची दाढ अर्धवट वर आलेली होती. ३१ मार्चला जन्मलेले कोकरू त्या दिवशी तीन महिने चोवीस दिवसांचे, म्हणजे नेमके संशयाच्या पट्ट्यात. या ४१ बाबत दात खात्री देत नाहीत, तेव्हा ओढूनताणून निकाल काढू नये.

हिशेब: २,१२३ + २१४ + २९ = २,३६६. त्यातून १५० किंवा १९१ वजा केले की २,२१६ किंवा २,१७५. निसटलेल्या सातांची जागा ठेवली तर वरची मर्यादा २,२२३.

आता पहिल्या खुंट्याशी ताडा. मोठ्या मेंढ्या: १,४८७ + ११८ + २४ = १,६२९. कातरणीवरून १,६५९ यायला हव्यात, ३० कमी दिसतात. पण मागच्या मे-जुलैत जन्मलेली कोकरे फेब्रुवारीत कातरली गेली होती आणि त्यांतल्या काहींना जुलैपर्यंत दोन दात आले नसणार. ती आदत गटात बसली असावीत. ओळखायची कशी? कधीच न कातरलेल्या लोकरीच्या तंतूचे टोक निमुळते असते, कातरलेल्याचे बोथट. ४४५ आदत मेंढ्यांची लोकर भिंगाखाली तपासली तेव्हा १९ ची टोके बोथट निघाली, आणि त्या सर्व १९ मध्ये दुसरी कायमची दाढही होती. दोन स्वतंत्र खुणा एकाच जनावरांवर मिळाल्या. ती मिळवून १,६४८. कातरणीच्या आकड्यापेक्षा ११ कमी, एक टक्काही नाही.

या ११ चा अर्थ नीट लावायला हवा. उलट हिशेबात प्रतिवादी कुठे खोटेपणा करू शकला असता? मधल्या काळातली विक्री लपवून. मेलेली जनावरे जास्त दाखवली असती तर मार्चचा आकडा वाढला असता, ते त्याच्या तोट्याचे. म्हणजे ही पद्धत चुकलीच तर खालच्या बाजूला चुकेल. मोठ्या मेंढ्यांपुरता त्यावर कातरणीचा पहारा आहे: लपवाछपवी झाली असली तरी ती अकराएक मेंढ्यांच्या पलीकडे गेली असावी असे दिसत नाही. कोकरांवर असा पहारा नाही. ड्रोन थोडी मदत करतो. याच हिशेबाने ९ मे रोजी कळपात सुमारे २,१७० मेंढ्या असायला हव्यात आणि दुरुस्त केलेला ड्रोनचा पट्टा २,१४८ ते २,२९४ आहे, म्हणजे विसंगती नाही. पण एवढ्या रुंद पट्ट्यात पन्नासएक कोकरांची लपलेली विक्री सहज मावते. ड्रोनने ती नाकारली असे लिहिणे चूक ठरेल.

नोंदवहीचा फुगवटाही आता समजतो. २,४६० मधून २,१७५ ते २,२२३ वजा केले की २३७ ते २८५ जास्त उरतात. त्यात ३१ न लिहिलेली विक्री, ३७ दुहेरी बिल्ले. उरलेली १६९ ते २१७ ही न लिहिलेली कोकरांची मरतूक आणि गोल आकड्यांतले जादा जन्म. सगळी मरतूक धरली तर, दुहेरी बिल्ले वगळून उरलेल्या १,२८३ जन्मांवर कोकरांच्या मरतुकीचे प्रमाण १८ ते २२ टक्के पडते. नेहमीच्या मानाने ते वरच्या टोकाला आहे, पण जन्मच फुगवून लिहिल्याचे आधी दिसले असल्याने खरे प्रमाण यापेक्षा कमी असणार.

अहवालात काय दिले

३१ मार्च रोजी: कातरणीच्या वयाच्या मोठ्या मेंढ्या १,६४८ ते १,६५९, त्यातला कातरणीचा आकडा अधिक भरवशाचा. त्याखालची कोकरे ५२७ ते ५६८. दाराच्या मोजणीतून निसटलेल्या सातएक मेंढ्या कोणत्या गटातल्या हे सांगता येत नाही, म्हणून त्या वेगळ्या दाखवल्या. नोंदवहीची शिल्लक आणि प्रतिवादीची मोजणी या दोन्ही स्वतंत्रपणे स्वीकारण्याजोग्या नाहीत, त्यांची कारणे रकानावार. लसीची बिले प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. ड्रोन दुरुस्तीनंतर सुसंगत, पण आधार म्हणून अपुरा.

न्यायालयाला शेवटी एकच आकडा लागतो. तो पट्ट्यातून निवडण्याचे काम तज्ज्ञाचे नाही, पण निवड कशावर अवलंबून आहे हे त्याने सांगायलाच हवे. इथे ती त्या ४१ कोकरांवर अवलंबून आहे. त्यांचा जन्म ३१ मार्चच्या आधीचा की नंतरचा हे ज्या माणसाला नोंदवता आले असते, त्याच्याच ताब्यात कळप आणि वही दोन्ही होत्या, आणि मार्च-एप्रिलच्या जन्मनोंदींची पाने वहीत कोरी आहेत. अहवालात ही वस्तुस्थिती पान क्रमांकासह लिहिली आणि तिचा लाभ कोणाला द्यायचा हा प्रश्न न्यायालयापुढे उघडा ठेवला.